अब्बांच्या मयतीला आलेली माणसं

माझे वडील उर्दू शाळेत मास्तर होते. आयुष्यभर त्यांनी पोरांना एकच गोष्ट शिकवली, ती म्हणजे स्वतःला ओळखा. म्हातारपणी अल्लाहने त्यांच्याकडून नेमकी तीच काढून घेतली. एके सकाळी ते आरशासमोर उभे राहिले आणि मला म्हणाले, "हे कोण बुजुर्ग आलेत? त्यांना बसायला दे, चहा ठेव." मी हसून वेळ मारून नेली आणि आत जाऊन ओढणी तोंडात कोंबून रडले. त्यानंतर नमाजला उभी राहिले की मनात एकच प्रश्न यायचा. ज्या माणसाला स्वतःचा चेहरा ओळखू येत नाही, त्याने जन्मभर जपलेलं ते 'स्व' आता आहे तरी कुठे? नमाज मी सोडली नाही, पण ती नमाज कमी आणि तक्रार जास्त होती. देवाशी भांडायला तोंड फार लागतं, आणि ते माझ्याकडे लहानपणापासून आहे.

अब्बांचा एक शायर होता. तो मोठा फिलसूफही होता, असं ते सांगत आणि सांगताना त्यांची मान जरा ताठ व्हायची. नाव मात्र घेत नसत, 'आमचे शायर' एवढंच म्हणत. बोरी अरबच्या शाळेत बांगडीवाल्यांची, मेकॅनिकांची, शेतात राबणाऱ्यांची पोरं बसायची. त्यांना ते या शायराची 'खुदी', म्हणजे स्वतःतल्या बळाची ओळख, समजावून सांगत. अब्बा घरात उर्दू बोलत, मला मात्र त्यांनी मराठी शाळेत घातलं होतं, म्हणून मी त्यांचं बोलणं मराठीतच लिहिते. ते म्हणत, "दोर टाकण्याआधी विहिरीत पाणी आहे हे मानावं लागतं. तुझ्यात पाणी आहे हे आधी मान." हा धडा झाला की दुसरा असायचा. "नुसता एकटा खांब उभा केलास तर त्याला लोक म्हैस बांधतील. वर छप्पर आलं, बाजूला आणखी खांब आले, की तोच घर धरतो. माणूस जमातीत उभा राहिला की पुरा होतो." पोरं म्हशीवर हसायची आणि धडा लक्षात ठेवायची. मी दाराआडून ऐकायचे. मला पहिला धडा पाठ झाला, दुसऱ्याची मला कधी गरजच वाटली नाही.

नवरा लवकर गेला तेव्हा मी शिवणयंत्र घेऊन अब्बांकडे परत आले. गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज माझ्या हातून गेलेत. कोणापुढे हात पसरला नाही आणि कोणी पुढे केलेला हात धरलाही नाही. लोक म्हणत, मास्तरांची पोरगी मास्तरांवर गेली. मला ते ऐकायला फार आवडायचं.

अब्बांना आपलं विसरणं सगळ्यात आधी कळलं होतं. एकदा बाजारातून येताना ते चौकात उभे राहिले आणि कोणती गल्ली आपली हेच त्यांना उमगेना. कसेबसे घरी आले, मला समोर बसवलं आणि म्हणाले, "हे बाहेर कळू देऊ नकोस. लोकांनी मला मास्तर म्हणून पाहिलंय. त्यांच्या डोळ्यांत कीव दिसली तर मी जिवंतपणी मेलो." मी जबान दिली आणि ती इमानाने पाळली. अब्बांचे गुडघे दुखतात, असं सगळ्यांना सांगितलं. ईदला त्यांचे जुने विद्यार्थी भेटायला येत, त्यांना शीरखुर्मा दारातच देऊन मी वाटेला लावत असे. अब्बा आत बसून विचारायचे, "कोण आलं होतं?" मी म्हणायचे, "कोणी नाही." अशी काही वर्षं गेली. शेजारच्या कमलाकाकूंनासुद्धा मी आतल्या खोलीत येऊ दिलं नाही, आणि त्या तर माझ्या आईच्या अखेरच्या आजारात तिच्या उशाशी बसल्या होत्या.

हे झालं मे महिन्यात. आमच्याकडच्या मे महिन्याची दुपार ज्याने पाहिली नाही त्याला सांगून पटणार नाही. कुत्रंसुद्धा नालीतून बाहेर येत नाही. लग्नाचे ब्लाउज द्यायचे होते, म्हणून मी यंत्रावर होते. अब्बा दुपारची, जोहरची नमाज झाल्यावर बाहेरच्या खोलीत बाजेवर निजले होते. यंत्राच्या आवाजात मला काही कळलं नाही. पाणी प्यायला उठले तर बाज रिकामी आणि दार उघडं. त्यांच्या चपला बाजेखाली तशाच होत्या. उन्हाचा रुमालही खुंटीवर होता.

मी आधी शाळेकडे धावले, कारण त्यांचे पाय सवयीने तिकडेच वळायचे. शाळा सुट्टीची बंद. मग बाजारओळ पाहिली, नाला पाहिला, कब्रस्तानाच्या भिंतीपर्यंत जाऊन आले. रस्ते सगळीकडे सुने. दोन-तीन दुकानांत माणसं जागी होती, पण त्यांना सरळ विचारायची माझी हिंमत होईना. अब्बा हरवले म्हटलं की मागून सगळंच सांगावं लागणार. म्हणून मी वेड्यासारखं आडून विचारत होते, इकडून कोणी गेलं का, कोणी आवाज दिला का. किराणावाला माझ्याकडे पाहून म्हणाला, ताई, तुम्हालाच ऊन लागलं वाटतं, बसा. मी बसले नाही. डोळ्यांपुढे एकच चित्र येत होतं, अब्बा कुठेतरी पऱ्हाटीच्या मोकळ्या वावरात पालथे पडलेत आणि वर घारी फिरताहेत.

गल्लीत परत आले तर कमलाकाकू दारात उभ्या होत्या. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि पुढचं ओळखलं.

"काहून वं, मास्तर घरात नाही काय?"

मी मान हलवली. त्यांनी दंड धरून मला सावलीत ओढलं. "आन् तू एकटीच धुंडून राह्यली? या उन्हात म्हातारा माणूस किती टिकते? जाय, तुमच्या मशिदीच्या भोंग्यावरून सांग. सारा गाव उठते."

मी म्हटलं, काकू, मी जबान दिली आहे. मग तिथेच, भिंतीला टेकून, मी त्यांना सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं. त्या चकित झाल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या की त्यांना ते कधीचं ठाऊक होतं, मी सांगायची त्या वाट पाहत होत्या.

तरीही माझे पाय मशिदीकडे वळेनात. एका बाजूला अब्बांचा जीव आणि दुसऱ्या बाजूला त्यांनी माझ्याकडे ठेवायला दिलेली त्यांची इज्जत. भोंग्यावरून एकदा पुकारलं की ती परत घेता येणार नव्हती. उद्या ते सापडले आणि क्षणभर शुद्धीवर येऊन त्यांनी विचारलं, "तू सांगितलंस?" तर मी काय तोंड दाखवणार? मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले, उजव्या पायातली चप्पल काढली आणि पाय डांबरावर ठेवला. का ठेवला ते मला आजही नीट सांगता येत नाही. तळवा चर्रकन भाजला आणि मी तो लगेच मागे घेतला. अब्बा या रस्त्यावरून अनवाणी गेले होते. मी तिथेच म्हटलं, या अल्लाह, माझ्याने हे झेपत नाही. अब्बांची अब्रू आणि माझी जबान, दोन्ही तूच सांभाळ. त्यात भक्ती किती होती आणि हार किती, मला माहीत नाही. पण तक्रार नव्हती, एवढं नक्की.

मशिदीत बांग देणारे चाचा अब्बांच्या बरोबरीचे. नमाजआधी हातपाय धुतात त्या वजूच्या हौदाजवळ गार फरशीवर पडले होते. मी दारातूनच त्यांना हाक मारून सगळं सांगितलं. ते काही न विचारता उठले, भोंग्याची कळ दाबली, घसा साफ केला. मी बाहेर उभी राहून ऐकत होते. आणि चाचांनी सुरुवातच केली कुराणातल्या त्या आयतीने, जी आम्ही मेलेल्या माणसासाठी म्हणतो. आपण सगळे अल्लाहचे आणि त्याच्याकडेच परत जाणार, अशी ती आयत. मग अब्बांचं नाव घेतलं.

चाचा पुढे काय सांगत होते, मास्तरसाहेब घरून निघालेत, दिसले तर कळवा, हे मी नीट ऐकलंच नाही. ते बाहेर आले तशी मी त्यांच्यावर जवळजवळ ओरडले, चाचा, ती आयत कशाला म्हटली? त्यांना माझा राग कळलाच नाही.

"बेटी, गुम हुई चीज पे भी यही पढते. मेरी बकरी गुमी थी तब भी मैंने यही पढा था."

चाचांचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. जुनी माणसं काहीही हरवलं की हीच आयत म्हणतात, किल्ली हरवली तरी म्हणतात. पण भोंग्यावरून ती ऐकू आली, मागून नाव ऐकू आलं, की पुढचं कोण ऐकतं? लोक तेवढ्यावरच उठले. ज्याने त्याने फोन लावले. दारव्ह्याला, बंजाऱ्यांच्या तांड्यांवर, यवतमाळला, जिथे जिथे अब्बांचे विद्यार्थी पांगले होते तिथे बातमी गेली की मास्तरसाहेबांचा इंतकाल झाला.

मी शाळेकडे आणखी एक चक्कर मारून घरी पोचेपर्यंत गल्लीतली दुकानं बंद व्हायला लागली होती. मशिदीतला जनाजा, म्हणजे मयत न्यायची ती खाट, दोघांनी आणून माझ्या दारापुढे ठेवली. कोणी पाण्याचे कॅन उतरवत होतं, कोणी ताडपत्री बांधत होतं. एक अनोळखी माणूस पुढे आला. त्याच्या हातात कापूर आणि गुलाबपाण्याची बाटली होती. तो मान खाली घालून म्हणाला, "आपा, मय्यत कुठं हाय? गुसलची, आंघोळीची तयारी करतो."

मला वाटलं, यांना अब्बा सापडले. कुठेतरी सापडले आणि मला शेवटी सांगायला आलेत. मी ओट्यावर बसले, खरं तर पडलेच. कमलाकाकूंनी टाहो फोडला, तशा चार बाया आणखी रडायला लागल्या. त्या रडण्यात मला माझाच आवाज ऐकू येत होता. मी म्हणत होते, मी भोंग्यावर जायला उशीर केला, मी मारलं त्यांना. कोणी मला पाणी पाजलं तेही आठवत नाही.

अब्बांना शोधायला नाल्याकडे गेलेले चाचा धापा टाकत परत आले आणि त्यांनी ज्याला त्याला धरून सांगायला सुरुवात केली की मास्तर मेले नाहीत, हरवलेत. गोंधळ आणखीच वाढला. काही जण मोटरसायकली काढून शोधायला निघाले, काही जण नव्याने येतच होते. माझ्यावर मात्र या सांगण्याचा काही परिणाम झाला नाही. मेलेला माणूस परत हरवला, याने काय फरक पडतो, असं मला वाटलं. उन्हाची तिरीप ओट्यावरून सरकून भिंतीवर चढली होती.

आणि मग दारव्हा रस्त्याकडून एक मोटरसायकल आली. पुढे सलीम, अब्बांचा जुना विद्यार्थी, दारव्ह्याला गाड्या दुरुस्त करतो. त्याच्या मागे अब्बा बसलेले, डोक्यावर ओला फडका. त्यांच्याही मागे एक काळीसावळी, हातभर पाटल्या घातलेली तांड्यावरची बाई, दोन्ही हातांनी अब्बांना कमरेला घट्ट धरून बसलेली. गल्लीत जे जे होते ते बाजूला सरले.

मी उठले आणि अब्बांचे पाय धरले. तळव्यांना फोड आले होते, पण ते जिवंत होते, गरम होते. मी त्यांना ओट्यावर बसवलं, साखरमिठाचं पाणी पाजलं. मग त्या बाईकडून सगळं कळलं. ती रस्त्याकडेला कडुलिंबाखाली शेळ्या घेऊन बसली होती. अब्बा उन्हातून आले आणि शेळ्यांपुढे उभे राहून हजेरी घ्यायला लागले. एकेक नाव घ्यायचे आणि थांबायचे. उत्तर आलं नाही की पुढे निघायला बघायचे. त्या बाईला उर्दू येत नव्हतं, शाळा तिने बाहेरून पाहिलेली. पण हा माणूस उन्हात गेला तर मरेल, हे तिला कळलं. मग ती प्रत्येक नावाला "हाजर हाय, मास्तर" म्हणत राहिली. तिने हजेरी दिली म्हणून अब्बा बसले. बसले म्हणून पाणी प्याले. नावं संपली की ते पहिल्यापासून सुरू करायचे आणि ती पुन्हा हाजर म्हणायची.

त्याच वेळी रस्त्याने मोटरसायकलींची रांग लागली. एवढ्या उन्हात ही माणसं कुठे निघाली, म्हणून तिने एकाला आडवं होऊन थांबवलं. तो सलीम होता. तो म्हणाला, बोरीला आमचे मास्तर वारले, मयतीला चाललो. ती म्हणाली, "एक मास्तर तं माह्या लिंबाखाली बसून हायेत. पाहून तं घे." सलीमने पाहिलं आणि तो तिथेच मातीत बसला. अब्बा जी नावं पुकारत होते त्यात त्याचंही होतं.

हे सगळं ऐकताना लोकांचे डोळे भरून आले होते. मी प्रत्येक चेहऱ्याकडे भीत भीत पाहत होते, मला कीव शोधायची होती. कोणाच्या डोळ्यांत असेलही, मला दिसली नाही. एकेक जण पुढे येऊन अब्बांचा हात हातात घेत होता, आपलं नाव सांगत होता, कोणत्या साली कोणत्या बाकावर बसायचो ते सांगत होता. अब्बा सगळ्यांना "जीते रहो" म्हणत होते. त्यांना एकही नाव लागत नव्हतं हे सगळ्यांना कळलं होतं, आणि तरी कोणी नाव सांगायचं थांबलं नाही.

मग अब्बांची नजर त्या जनाज्यावर गेली. रिकामा, तसाच दारापुढे ठेवलेला. गडबडीत तो परत न्यायचं कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी गर्दीकडे पाहिलं, जनाज्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोणाची मयत आहे?"

चाचांनी मान फिरवली. मला तर वाटलं, आता भुई फाटावी. अब्बा हळूच उठले. पुढचे शब्द मी त्यांच्याच बोलीत लिहिते, कारण ते मला दुसऱ्या कशात लिहिता येत नाहीत.

"कोई भी हो, अपना ही है. चलो, कंधा कम नहीं पडना चाहिए."

आणि त्यांनी खाली वाकून जनाज्याच्या दांड्याला हात घातला.

सलीमने आपल्या चपला काढून त्यांच्या पायांत चढवल्या. मग तो दुसऱ्या दांड्याला लागला, कापूर घेऊन आलेला माणूस तिसऱ्याला, आणि चौथ्याला कमलाकाकूंचा मोठा मुलगा, जो अजून वावरातल्या मातीच्या कपड्यांवर होता. त्यांनी जनाजा उचलला. लोक हळू आवाजात कलमा म्हणत मागे निघाले. आमच्याकडे दर चार पावलांवर खांदा बदलतात, जेणेकरून सगळ्यांना सवाब, म्हणजे पुण्य, मिळावं. त्या दिवशी तीन खांदे बदलत राहिले, अब्बांचा मात्र कोणी मागितला नाही. मशीद चार घरांवर आहे. अब्बा आपलाच रिकामा जनाजा खांद्यावर घेऊन, मान ताठ ठेवून, तिथपर्यंत चालत गेले. मी ओट्यावर उभी राहून पाहत होते आणि मला हुंदका आवरत नव्हता.

नंतर डॉक्टर आले, सलाईन लागली, तळवे बरे व्हायला पावसाळा उजाडला. त्या बाईला मी साडी द्यायला गेले तर तिने ती घेतली आणि मला दोन भाकरी खाऊ घातल्याशिवाय उठू दिलं नाही. दुसऱ्याच्या घरची भाकरी मी कित्येक वर्षांनी खाल्ली. छान होती, मिरचीचा ठेचा जरा जहाल होता.

चाचांनी नुसतं हरवल्याचं पुकारलं असतं तर त्या उन्हात किती माणसं घराबाहेर पडली असती? चार-दोन पडली असती, आणि ती गावातच फिरली असती. मयत म्हटल्यावर मात्र आमच्याकडे आजारी माणूसही अंथरुणातून उठतो. त्यामुळे सगळे रस्ते माणसांनी भरले, आणि त्यातल्या एका रस्त्यावर अब्बा होते. याला कोणी योगायोग म्हणो, कोणी म्हाताऱ्याचा घोळ म्हणो. मी वाद घालत नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना विचारा, वाद न घालणं माझ्यासाठी केवढी गोष्ट आहे. मी फक्त अल्लाहचा शुक्र मानते. सजद्यात कपाळ टेकणं मला आधीपासून येत होतं. आपलं सगळ्यात जपलेलं माणूस लोकांच्या हातात देणं मला येत नव्हतं, ते अल्लाहने त्या दुपारी माझ्याकडून करून घेतलं.

अब्बा आता रोज असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजच्या आधी बाहेर पडतात. मी त्यांना अडवत नाही. वळणापर्यंत पोचायच्या आत कोणीतरी हाक मारतं, "सलाम मास्तर, इकडं या," आणि ते त्या आवाजाच्या दिशेने जातात. त्यांना आता स्वतःचं नाव सांगता येत नाही. ते गावाला पाठ आहे.